चाचणी समाधानकारक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आई तर आता नाहीच. बहिणीपाशी एकदा विषय काढला होता, पण तेवढ्यात तिच्या गॅसवरचं दूध उतू गेलं, ती आत धावली, आणि ती परत येईपर्यंत मी दुसरंच काहीतरी बोलायला लागले होते. सुटले, असं वाटलं तेव्हा. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित म्हणून.

गोष्ट एका लॅपटॉपची आहे. लॅपटॉपची कसली आलीय गोष्ट, असं वाटेल. मलाही कितीतरी वर्षं तसंच म्हणायचं होतं — एक मशीन होतं, बिघडलं, सगळी मशीनं बिघडतात.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आम्ही हैदराबादचेच, तीन पिढ्यांचे. आजोबा निजामाच्या काळात नांदेडकडून आले आणि सुलतान बाजाराच्या मागे राहिले. घरात मराठी बोलायचो, पण तिच्यात ‘हो’चं ‘हौ’ होतं, ‘नको’चं ‘नक्को’ होतं, रागावलं की दोन-चार तेलुगू शब्दही होते. पुण्याचे नातेवाईक आले की आमच्या बोलण्याला हसायचे. तोवर ते पाहुणे म्हणून यायचे. त्या वर्षांत मात्र ते राहायला यायला लागले. माधापूरकडे काचेच्या इमारती उठत होत्या. माझी मावसबहीण मोहिनी नवऱ्याबरोबर पुण्याहून आली, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा तिच्या खांद्याला काळी बॅग होती. जेवण झाल्यावर तिने त्यातून लॅपटॉप काढला आणि आमच्या लोखंडी कॉटवर मांडी घालून काहीतरी टाइप करायला लागली. आईने तिच्यासाठी पंखा वळवला.

हे मी का सांगते आहे? थांबा. येतेच आहे तिथवर.

मी नारायणगुड्यात एका छोट्या ऑफिसात नोकरीला होते. खाली औषधांचं दुकान, वर आम्ही. गावोगावच्या पिण्याच्या पाण्याची पाहणी करून अहवाल द्यायचे, हे ऑफिसचं काम. नळगोंड्याकडच्या कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असतं. ते पाणी पिऊन मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात, आणि वय वाढलं की हाडं वाकतात. चाळिशीतली माणसं काठी घेऊन चालताना मी स्वतः पाहिली आहेत. आमच्या यादीवरून ठरायचं की स्वच्छ पाण्याची टाकी आधी कुठल्या गावाला द्यायची.

ती यादी करणारा माणूस म्हणजे यादगिरी सर.

तेव्हा ते पन्नाशीला टेकले असतील. अंबरपेठेत राहायचे. तेलुगू माणूस, माझ्याशी मात्र दख्खनीत, म्हणजे हैदराबादी हिंदीत बोलायचे आणि मला ‘अम्मा’ म्हणायचे — तेलुगू घरांत धाकट्या बाईला प्रेमाने म्हणतात तसं. बसने जायचे, पुढे चालत. बरोबर पाणी तपासायची पेटी, छत्री, आणि वर्तमानपत्राची कव्हरं घातलेल्या लांब वह्या. प्रत्येक बोअरसाठी एक पान. घरात माणसं किती, कुणाचे गुडघे आखडलेत, कुणाच्या मुलाच्या दातांवर डाग आहेत. अक्षर असं, की तेलुगू न येणाऱ्यालाही पाहत राहावंसं वाटावं. महिनाभराने ते परत आले की त्या वह्या घेऊन मी कम्प्युटरवर भरायला बसायची. कंटाळवाणं काम होतं, खोटं कशाला बोलू?

आमचे साहेब, रावसाहेब, एके दिवशी म्हणाले, की आता यादगिरींना लॅपटॉपच देऊ, गावातच भरतील, दोनदोनदा लिहायला नको. कुठला घ्यायचा ते मी बघायचं. कम्प्युटरचा डिप्लोमा असलेली ऑफिसात मी एकटीच होते. मी एवढी खूश झाले, की त्या रात्री वहीत तक्त्याच्या रेघा आखल्या.

तीन लॅपटॉप पाहिले. दोन नावाजलेले, महाग. तिसरा कुठल्यातरी परदेशी कंपनीचा, नाव आपल्याकडे कुणी ऐकलेलं नाही, किंमत इतरांच्या निम्मी. आता मात्र नीट सांगते, कारण इथूनच मी स्वतःला फसवायला सुरुवात केली. स्वस्त वस्तू घेण्यात काही पाप नाही. आमचं ऑफिस गरीब होतं. त्या स्वस्त लॅपटॉपचा स्क्रीन अंधूक होता — चालेल, त्यावर काही चित्रं बघायची नव्हती. की-बोर्ड कडक होता — बोटांना सवय होते. झाकण प्लास्टिकचं, बिजागरी सैल — जपून उघडायचं. बॅटरी दोन तासही टिकत नव्हती — गावच्या शाळेत चार्ज करता आली असती. हे सगळं मी तक्त्यात प्रामाणिकपणे लिहिलं. अजूनही म्हणेन, त्यातली प्रत्येक गोष्ट त्या किमतीला सोसण्यासारखी होती.

दोन गोष्टी मी लिहिल्या नाहीत.

पहिली लहान होती. त्या मशीनला आत फ्लॉपी ड्राइव्ह नव्हता, वेगळा घ्यावा लागायचा. म्हणजे त्याशिवाय माहितीची दुसरी प्रत काढायची, तर लॅपटॉप ऑफिसात आणून केबलने मोठ्या कम्प्युटरला जोडायचा. मी तो ड्राइव्ह खरेदीच्या यादीतून खोडला.

दुसरी गोष्ट — दुसरी मी डोळ्यांनी पाहिली होती. मार्चअखेरची रणरणती दुपार होती. दुकान दुसऱ्या मजल्यावर, वर पत्रा. एसी आतल्या केबिनला, आणि मशीन बाहेरच्या टेबलावर. मी बसून टाइप करून पाहत होते. वीस मिनिटांत स्क्रीन काळा झाला. दुकानदाराने पुन्हा सुरू केला. थोड्या वेळाने पुन्हा काळा. खाली हात लावला तर तव्यासारखं तापलेलं. तो माणूस सरळ होता, त्याने काही लपवलं नाही. म्हणाला, “मॅडम, ये एसी ऑफिस का माल है. गरमी में अइसाइच करता. बाहर नक्को लेके जाओ, बस.”

बाहर नक्को. मला नीट ऐकू आलं होतं. आणि तो लॅपटॉप बाहेरच जायचा होता, उन्हाळ्यात, नळगोंड्याला.

मी परत आले आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं — चाचणी घेतली, समाधानकारक.

का? रावसाहेबांनी कधी विचारलं असतं तर सांगायला एक उत्तर मी तयार ठेवलं होतं, की ऑफिसचा खर्च वाचला. खरं कारण इतकं लहान आहे, की सांगताना लाज वाटते. एका महाग लॅपटॉपच्या जागी स्वस्त दोन येत होते. ड्राइव्ह खोडला की नक्की दोन. आणि दुसरा माझ्या टेबलावर येणार होता. शनिवारी घरी नेता आला असता. खांद्याला काळी बॅग लावून मोहिनीच्या घरी गेले असते. गेलेही. तिने विचारलं, “अगं, तुलाही दिला ऑफिसने?” मी म्हटलं, “हो, आता सगळ्यांनाच देतात.” एवढ्यासाठी.

यादगिरी सरांनी लॅपटॉपला आधी कुंकू लावलं. मग बायकोच्या जुन्या सुती साडीची पिशवी शिवून आणली. दोन बोटांनी टाइप करायला शिकले. एखादं बटण दाबण्याआधी माझ्याकडे बघायचे. पण माझ्या अंदाजापेक्षा लवकर शिकले. निघताना त्यांनी नेहमीच्या वह्याही पेटीत भरल्या. मीच काढायला लावल्या. “आता वही कशाला, सर? दोन दोन कामं कशाला करता?” मी हे त्यांच्या भल्यासाठी म्हटलं, असं मला वाटत होतं. खरं तर परत त्या वह्या माझ्यापुढे यायला नको होत्या.

तीन आठवड्यांनी ते एकदा ऑफिसात आले. म्हणाले, जेवढं झालंय तेवढं उतरवून घ्या. केबल जोडून बसायचं म्हणजे अख्खी दुपार गेली असती, आणि मला त्या दिवशी लवकर निघायचं होतं. म्हटलं, पुढच्या वेळी सगळं एकदम घेऊ. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा बस धरली. मशीन मध्येच बंद पडतं, असंही ते त्या दिवशी म्हणाले होते. मी म्हटलं, थोडा वेळ थांबून चालू करा.

मे संपता संपता ते आले ते थेट बसस्टँडवरून. शर्टाची कॉलर मातीने लाल झालेली. साडीची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. टेबलावर ठेवून त्यांनी बटण दाबलं. आतून टक, टक, टक असा आवाज आला आणि स्क्रीन काळाच राहिला. सात आठवड्यांची पाहणी, चाळीसेक गावं. मला तो आवाज ऐकताच कळलं. हार्ड डिस्क गेली होती.

ते माझ्याजवळ वाकून हळूच बोलायला लागले, इतरांना ऐकू जाऊ नये असं. “अम्मा, बहुत गरम होता था. मैं नीचे गीला कपडा रखता था — अच्छा निचोडके, एक बूँद भी नहीं टपकने दिया. उसी से बिगडा क्या?”

मी आता ज्या जागी आले आहे, तिथे यायला मला पंचवीस वर्षं लागली.

त्यांच्या डोळ्यांत बघून मी म्हणाले, “हौ सर. उसीच से हुआ होगा.”

एवढंच. विचार करायलाही वेळ घेतला नाही मी. पिळलेल्या फडक्याने डिस्क जात नाही, हे मला माहीत होतं. उलट उष्णतेने ती रोज थोडी थोडी मरत होती आणि हा माणूस कुणी न सांगता तिला वाचवायला धडपडत होता. आणि त्याने स्वतःहून माझ्या हातात दोष आणून दिला, तर मी तो घेतला आणि त्याच्याच गळ्यात बांधला.

दुकानदाराने तपासून सांगितलं, आतलं काही निघणार नाही. दोन दिवसांनी रावसाहेबांच्या केबिनमध्ये आम्ही दोघं उभे होतो. त्यांनी मला स्पष्ट विचारलं, की घेताना नीट तपासला होतास ना? अजूनही वेळ गेली नव्हती. यादगिरी सर खाली बघत होते. मी म्हटलं, हो सर, दोन्ही एकाच दिवशी घेतले, माझा तर अजून व्यवस्थित चालतोय. आणि मग म्हटलं, की यांनी खाली ओलं फडकं ठेवलं होतं, ते स्वतःच म्हणाले.

माझा चालत होता, हे खरंच होतं. तो कम्प्युटरच्या खोलीत, एसीखाली होता.

यादगिरी सर एवढंच म्हणाले, “गलती हो गई, सर.”

त्यांना काढलं नाही. पाहणीवरून मात्र उतरवलं. मागच्या खोलीत पाकिटांवर पत्ते चिकटवायचं आणि टपाल न्यायचं काम दिलं. ज्या माणसाला चाळीस गावांतला एकेक बोअर ठाऊक होता, त्याला. तरी जेवणाच्या सुट्टीत ते एकटे बसून काहीतरी लिहायचे. मला वाटलं, घरची चिठ्ठी असेल. चार दिवसांनी त्यांनी फुलस्केप कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. आठवत होतं तेवढं सगळं लिहून काढलं होतं. गाव, बोअर कुठल्या झाडापाशी, घरमालकाचं नाव, गुडघे आखडलेली म्हातारी, तिची सून. आकड्यांच्या जागा मोकळ्या सोडल्या होत्या, कारण आकडे नक्की आठवत नव्हते आणि अंदाजाने भरायला त्यांचं मन होत नव्हतं. ज्याला अंदाजे आकडासुद्धा लिहवत नाही, त्याला मी मशीन बिघडवणारा ठरवलं होतं.

मी ते कागद रावसाहेबांकडे नेले. ते म्हणाले, आठवणीवर अहवाल होत नाही. मी कागद परत आणून माझ्या खणात ठेवले. यादगिरी सरांना म्हटलं, साहेब बघतायत.

पावसाळ्यात दुसऱ्या माणसाकडून पुन्हा पाहणी झाली, घाईघाईत, निम्म्या गावांची. यादी तेवढ्याच गावांची गेली. उरलेल्यांना टाक्या पुढे कधी मिळाल्या, मिळाल्या की नाही, ते मी कधी शोधलं नाही. त्या गावांत यादगिरी सर घरोघर सांगून आले होते, तुमचं नाव लिहून घेतलंय म्हणून.

सहा महिन्यांनी ते नोकरी सोडून भावाच्या किराणा दुकानात बसायला लागले. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं, आता बोलतील, कळलं असेल त्यांना. ते म्हणाले, “मेरी वजह से तुम्हारे ऊपर भी बात आई होगी, अम्मा. माफ करना.” मी म्हटलं, असू द्या सर. मी म्हटलं — असू द्या!

माझा लॅपटॉप पुढे चार वर्षं चालला. मग मी नोकरी बदलली, मोठ्या कंपनीत गेले, लग्न झालं, मुलगी झाली. मी काही रोज रडत होते, असं सांगितलं तर तेही खोटंच होईल. महिनोन्‌महिने मला त्यांची आठवणही यायची नाही. एखादं यंत्र तापलं की यायची, तेवढीच.

मग बारा-तेरा वर्षांनी अंबरपेठच्या भाजीबाजारात ते भेटले. मी तिकडे एका ओळखीच्या बाईंना बघायला गेले होते. मीच तोंड फिरवायच्या बेतात होते, पण त्यांनी ओळखलं. केस पूर्ण पांढरे, आवाज तोच. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि घरी चला म्हणाले. नाही म्हणता आलं नाही.

घर लहान, स्वच्छ. त्यांच्या बायकोने चहा केला. तेवढ्यात मोबाइल वाजला. तो त्यांच्या अगदी हाताशी होता. त्यांनी त्याला हात लावला नाही, आतल्या नातीला हाक मारली. सात-आठ वर्षांची पोर धावत आली, तिने बटण दाबून फोन आजोबांच्या कानाशी धरला. बोलणं संपलं तेव्हा तिनेच बंद केला. मी बघते आहे हे पाहून बायको हसली आणि म्हणाली, “ये किसी मशीन कू हाथ नहीं लगाते. टीव्ही भी बच्ची से चालू कराते. बोलते, मेरे हाथ से बिगड जाता.”

ती गंमत म्हणून सांगत होती. घरात त्याची सवय झालेली होती. नातसुद्धा हसत होती.

त्यांनी दोघींना आत जाऊ दिलं. मग खुर्ची थोडी पुढे ओढली. खूप दिवस मनात ठेवलेली गोष्ट विचारावी, तसं विचारलं, “अम्मा, एक बात पूछूँ? तुम पढे-लिखे हैं मशीन का. वो कपडा मैं अच्छा निचोडके रखता था. फिर पानी गया कैसा?”

तक्रार नव्हती आवाजात. संशयही नव्हता. त्यांना फक्त समजून घ्यायचं होतं. बारा-तेरा वर्षं तो माणूस ते फडकं मनातल्या मनात पिळत होता आणि त्यातून पाणी कसं गेलं, ते त्याला सापडत नव्हतं. पाणी गेलंच नव्हतं, तर सापडणार कुठून?

खोलीत आम्ही दोघंच होतो. रावसाहेब कधीच गेले होते, ते ऑफिस बंद झालं होतं. माझी नोकरी दुसरी, घर माझं. एक वाक्य बोलायचं होतं — ते मशीन मुळातच उन्हात चालणारं नव्हतं, सर, आणि ते मला माहीत होतं. दख्खनीत तर ते याहूनही छोटं झालं असतं.

मी म्हणाले, “नमी रहती ना सर, कपडे में. अंदर चली जाती. दिखती नहीं.”

फडक्यातली न दिसणारी ओल त्यांनी मनाशी ताडून पाहिली. मग चेहरा मोकळा झाला. “अच्छा, नमी,” ते म्हणाले. “हौ. वो मैं सोचाइच नहीं.” आणि मला ऑटोपर्यंत सोडायला आले.

पहिल्या वेळी मला नोकरीची भीती होती. त्या दिवशी मला कसलीच भीती नव्हती, तरी मी खोटं बोलले, आणि ते पहिल्यापेक्षा चांगलं जमलं.

त्यानंतर ते सहा वर्षं होते. अंबरपेठ माझ्या घरापासून ऑटोने पंधरा मिनिटांवर आहे.